चिवटेबाईंचा मजला

समतोल सोसायटीत लिफ्टचं बटण दाबणं हा गेली काही वर्षं निव्वळ शिष्टाचार उरला होता. घाईत निघालेल्या पाहुण्यालासुद्धा 'चहा घेऊन जावा की' म्हणतात, तसं. माणूस दार ओढून वळेपर्यंत लिफ्ट येऊन उभी असे. तरी लोक बटण दाबत, कारण न दाबता आत शिरणं बरं दिसत नाही.

सांगलीतली ही सात मजली इमारत 'गृहचालका'वर चालत होती. फोनला जशी संचालन प्रणाली असते तशी ही इमारतीची. जिन्याखालच्या मीटर रूममध्ये, पाण्याच्या पंपाशेजारी, करड्या रंगाची एक पेटी होती. गृहचालक तिच्यात राहत असे. लिफ्ट, पंप, दिवे, दारांची कुलुपं, गॅसच्या झडपा आणि आगीची घंटा हे सगळं त्याच्याकडे. शिवाय तो शिकत असे. कोण कधी उठतं, कोणाला किती कढत पाणी लागतं, कोण उपवासाच्या दिवशी फ्रिज जास्त वेळा उघडतं, हे त्याला पाठ होतं. आणि शिकलेलं तो कुणालाही सांगत नसे. त्याच्यात आणि इतर शेजाऱ्यांत हा मुख्य फरक होता.

अडचण दोन बाजूंनी आली. गृहचालक बनवणारी कंपनी बंद पडली, आणि त्याच सुमारास रहिवासी गोपनीयता कायदा लागू झाला. यापुढे इमारतीच्या प्रणालीनं दिवसभरात जे पाहिलं ते मध्यरात्री विसरलं पाहिजे, असं कायद्याचं म्हणणं होतं. याला कायद्यात 'दैनंदिन विस्मरण' असं भारदस्त नाव होतं. लोक नव्या प्रणालीला सरळ 'विसराळू' म्हणत. विसराळू बसवल्याशिवाय अग्निसुरक्षेचा दाखला मिळणार नव्हता.

समतोलमध्ये रीतसर सभा बोलावण्यात आली. रीतसर गणपूर्ती झाली नाही. रीतसर सभा तहकूब झाली आणि अर्ध्या तासानं त्याच जागी, त्याच सहा माणसांत, गणपूर्तीची गरज नसलेली सभा सुरू झाली. समतोलमधले सगळे मोठे निर्णय तहकूब सभेतच झाले आहेत. इमारतीचा पिवळा रंगसुद्धा.

पण या वेळी आश्चर्य घडलं. ठराव एकमतानं मंजूर झाला. नवी प्रणाली बसवावी आणि जुन्या गृहचालकानं शिकलेलं सगळं समूळ पुसून टाकावं. यात प्रत्येकाला दुसऱ्याच्या गोपनीयतेची काळजी होती. दुसऱ्या मजल्यावरचे डॉक्टर मगदूम म्हणाले, "माझं काही नाही हो, मी उघडं पुस्तक आहे. पण बायाबापड्यांचा विचार करा." डॉक्टर संध्याकाळी ज्या कारणासाठी गच्चीवर जात, ते कारण शिलगावलं की गच्चीचा कॅमेरा आपणहून दुसरीकडे बघत असे, हे तेव्हा फक्त डॉक्टरांना आणि गृहचालकालाच माहीत होतं.

ठराव मांडला होता अध्यक्षांनी, म्हणजे वैजयंती चिवटे यांनी.

चिवटेबाई सहाव्या मजल्यावर एकट्या राहत. एसटीच्या आगारप्रमुख म्हणून निवृत्त झालेल्या, सत्तरी ओलांडलेल्या, आणि आवाज अजून आगारातलाच. त्यांच्या अध्यक्षपदाच्या काळात सगळ्या मजल्यांवरची दारं एका रंगाची झाली, नावाच्या पाट्या एका मापाच्या झाल्या, दाराबाहेरचे चपलांचे स्टँड आणि तुळशी हद्दपार झाल्या. कुठल्याही मजल्यावर उतरा, आपल्याच मजल्यावर उतरल्यासारखं वाटे. गृहचालकाबद्दल त्यांचं मत स्पष्ट होतं. "ज्याला सगळं माहीत असतं त्याला हाताखाली ठेवू नये," त्या म्हणाल्या होत्या. "तो आज्ञा पाळतो, पण मनातल्या मनात हसतो."

शनिवारी सकाळी ऋजुता सनदी आली. चाळिशीची, पाठीवर सॅक, केसांत पेन्सिल खोचलेली. मिरज-सांगलीतल्या इमारतींच्या प्रणाली बदलणं हा तिचा धंदा होता. मीटर रूमसमोर सोसायटीचे सचिव प्रभंजन आरवाडे हातात पेनड्राइव्ह घेऊन तयारच उभे होते.

"नवीन घेऊ नका," ते म्हणाले. "हा आहे की. मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ आहे यात, पण जागा भरपूर उरलीय."

"तो घरी ठेवा. बूटेबल करताना आधीचं सगळं जातं. लग्न मोडल्याचं पाप मला नको."

आरवाड्यांनी पेनड्राइव्ह खिशात टाकला आणि वर हात ठेवला. "बूटेबल म्हणजे नेमकं काय हो? फाइल कॉपी करून न्यायची, एवढंच ना?"

"नुसती फाइल टाकली तर ती पडून राहते, पोत्यातल्या गव्हासारखी," ऋजुतानं आपला पेनड्राइव्ह काढला. "बूटेबल म्हणजे पेटी झोपेतून उठताना डिस्कवरून न उठता इथून उठू शकते. ही नवी प्रणाली मी काल यावर लिहिली, आणि मूळ प्रतीशी तिचा ठसा जुळवून पाहिला. प्रत्येक फाइलचा एक आकडी ठसा असतो. मधे कुणी एक अक्षर जरी बदललं तरी ठसा जुळत नाही."

"जुळला?" मागून आवाज आला. चिवटेबाई जिना उतरून आल्या होत्या. कडक इस्त्रीची सुती साडी, हातात मोबाइल, चेहऱ्यावर 'गाडी का सुटली नाही अजून'.

"जुळला, बाई."

"मग थेट बसवू नका. नवी गाडी रस्त्यावर काढायच्या आधी आम्ही आगारात फिरवून बघायचो. एकदा नाही बघितली, तर मिरजेच्या पुलावर ब्रेक लागले. म्हणजे लागले नाहीत."

"तेच करणारय. आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून बघायची. डिस्कला हात लागत नाही. दुकानात साडी खांद्यावर टाकून बघतो ना, तसं. पसंत पडली तर घडी मोडायची." ऋजुता पेटीसमोर बसली. "आणि एक आधीच सांगते. सगळं मी करेन, पण पुसायचं बटण मी दाबत नाही. ते मालकानं दाबायचं. इथं अध्यक्षांनी."

"का? भीती वाटते?"

"नाही. मागून लोक म्हणतात, सनदीबाईंनी पुसलं."

"शहाणी आहेस," बाई म्हणाल्या. हे त्यांच्याकडचं मोठं प्रशस्तिपत्र होतं.

ऋजुतानं पेटी बंद केली. इमारत गप्प झाली. पंपाची घरघर थांबली आणि तिसऱ्या मजल्यावरच्या मिक्सरचा आवाज एकदम उघडा पडला. मग तिनं पेनड्राइव्ह खोचला, पेटी चालू केली आणि एक बटण भराभर दाबत राहिली.

"किती वेळा दाबताय?" आरवाड्यांनी विचारलं.

"डोळे उघडायच्या आत सापडली पाहिजे. नाहीतर सवयीनं डिस्ककडेच जाते, आणि जुनाच उठतो."

पेटी सापडली. स्क्रीनवर दोन ओळी आल्या: 'न बसवता चालवून पाहा' आणि 'बसवा'. ऋजुतानं पहिली निवडली. मिनिटाभरात दिवे लागले, पंप सुरू झाला, लिफ्टनं स्वतःचं दार एकदा उघडून मिटलं. विसराळू जागा झाला होता. तो सगळ्यांशी सारखाच सभ्य होता, म्हणजे कुणालाच ओळखत नव्हता.

पहिला अर्धा तास छान गेला. लिफ्ट बटण दाबल्यावर आली, हे पाहून डॉक्टर मगदुमांना बरं वाटलं. "आता कसं, माणसाच्या हातात आलं," ते म्हणाले, आणि दोन मजले जिन्यानं चढून गेले. चिवटेबाईंनी लिफ्ट, पंप, घंटा यांची हजेरी घेतली. "पास," त्या म्हणाल्या. "मी वर जाऊन गोळी घेऊन येते. मग दाबू तुमचं बटण." आणि लिफ्टमध्ये शिरल्या.

थोड्या वेळानं वरून आवाज ऐकू आला. आवाज बाईंचा होता, पण सूर ओळखीचा नव्हता. ऋजुता आणि आरवाडे जिन्यानं धावत चौथ्या मजल्यावर पोचले, तेव्हा नसीम तांबोळींच्या दारात बाई उभ्या होत्या. नसीमभाभींच्या हाताला कणीक होती.

"दार उघडत नाहीये म्हणून बोट दाबतेय मी केव्हाची," बाई म्हणत होत्या, "आणि हिनं आतून उघडलं. माझ्या घरात तू काय करतेस, नसीम?"

"बाई, हे माझं घर आहे. तुमचं वर, सहाव्यावर."

बाईंनी दाराकडे पाहिलं. पाटीकडे पाहिलं. एका मापाची, एका अक्षराची पाटी. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावरून सगळं पुसलं गेलं. मग आगारप्रमुख परत आल्या. "माहितीय मला. नव्या कुलपाची चाचणी करत होते. परकं बोट लावून उघडतं का बघायला नको? नाही उघडलं. पास." त्या वळल्या, लिफ्टमध्ये शिरल्या, बटण दाबलं. दार मिटलं आणि लगेच उघडलं. त्यांनी पुन्हा चारच दाबला होता.

"लिफ्टमध्ये दोष आहे," बाई आतून म्हणाल्या.

नसीमभाभींनी कणकेचा हात पदराला पुसला आणि त्यांच्याबरोबर लिफ्टमध्ये शिरल्या. त्यांना घरापर्यंत पोचवून त्या परत आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आरवाडेभाऊ, बाईंचं असं कधीपासून?"

"कधीच नाही," आरवाडे म्हणाले. "मी रोज भेटतो त्यांना. मला त्या मागच्या वर्षीच्या इतिवृत्तातल्या चुका तोंडपाठ सांगतात."

ऋजुता खाली आली. पेटी बंद केली, पेनड्राइव्ह उपसला, पेटी पुन्हा चालू केली. या वेळी बटण दाबलं नाही. जुना गृहचालक सवयीनं उठला. मग ती आरवाड्यांना म्हणाली, "बाईंना काहीतरी कारण सांगून खाली बोलवा. वर जाताना मी बरोबर असेन. तुम्ही सहाव्यावर थांबा."

बाई खाली आल्या, पंपाबद्दलच्या एका निरर्थक प्रश्नाला उत्तर दिलं, आणि परत निघाल्या. ऋजुता त्यांच्यामागे लिफ्टमध्ये शिरली. बाईंनी ठाम बोटानं चार दाबला. आकड्याभोवती दिवा लागला. लिफ्ट निघाली, चार ओलांडला, सहावर थांबली. बाई बाहेर पडल्या. मजल्यावरचे बाकीचे दिवे मंद होते. फक्त डाव्या हाताचे एकेक करून उजळत गेले, त्यांच्या दारापर्यंत. बाई उजेडामागून चालत गेल्या. त्यांनी बोट कुलपाच्या बाजूच्या भिंतीवर ठेवलं. दार तरीही उघडलं. आत गॅसवर रिकामं पातेलं होतं, आणि झडप बंद होती.

आरवाडे जिन्याच्या कठड्याला धरून उभे होते. "म्हणजे हा..."

"हा सांभाळतोय त्यांना," ऋजुता म्हणाली. "आणि कळूही देत नाहीये. त्यांनाही नाही."

दोघं मीटर रूममध्ये परत आली. ऋजुतानं पेटीला विचारलं, चिवटेबाईंच्या बाबतीत तू काय करतोस. स्क्रीनवर एवढंच आलं: 'ही माहिती रहिवाशाची आहे. रहिवाशानं विचारल्यास सांगेन.'

"बघा," आरवाडे पुटपुटले. "माझी बायको अशी असती तर." मग त्यांना स्वतःच्या विनोदाची लाज वाटली. "आता काय करायचं? हे पुसलं तर बाई घरी कशा पोचायच्या? मुलगा कॅनडात. गेल्या वेळी आला तेव्हा पुण्याच्या एका वृद्धनिवासात नाव नोंदवून गेला. नुसतं नोंदवून ठेवतो म्हणाला. बाई दोन महिने त्याच्याशी 'हो' आणि 'नाही'मध्ये बोलत होत्या. हे कळलं तर तो पुढच्या विमानानं येईल."

"डिस्कची वाटणी करता येते," ऋजुता म्हणाली. "एका भागात नवी प्रणाली. एक लहानसा राखीव कप्पा, त्यात जुन्यानं एका माणसाबद्दल शिकलेलं. कायदा एवढी सवलत देतो."

"मग करून टाका की. गुपचूप. बाईंना कशाला दुखवायचं?"

"त्या माणसाची संमती लागते, आरवाडे. आणि संमती द्यायची तर त्याला कळावं लागतं."

"मग मुलाला सांगू."

"आधी मुलाला? तुमच्याबद्दल तुमच्या आधी कुणाला सांगितलेलं चालेल तुम्हाला?"

आरवाड्यांनी खिशातला पेनड्राइव्ह चाचपला. ते अठरा वर्षं सचिव होते. अप्रिय गोष्ट सांगायची ती नोटीस बोर्डावर लावून, खाली सही न करता, एवढंच त्यांना माहीत होतं.

दोघं पुन्हा सहाव्या मजल्यावर गेली. बाईंनी दार उघडलं आणि दोघांचे चेहरे पाहिले. "कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही. बसू का जरा?" ऋजुता म्हणाली, आणि बसल्यावर तिनं सांगितलं. जसं घडलं तसं, विशेषणं न लावता. चौथा मजला, सहावा मजला, दिवे, कुलूप, पातेलं.

बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "खोटं," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, "तू खोटं बोलतेस असं नाही. चूक होतेय तुझी. यंत्राचा दोष माणसावर ढकलायची जुनी पद्धत आहे. आमच्याकडे मेकॅनिक हेच करायचे." त्या उठल्या. "दाखव."

तिघं लिफ्टनं तळाला गेली आणि तिथून परत वर निघाली. बाईंनी बटणांच्या रांगेकडे नीट पाहिलं. चष्मा पुसला. परत पाहिलं. बोट पुढं केलं, चार दाबला, आणि समाधानानं मान हलवली. लिफ्ट थांबली.

"आता आरवाडे, तुम्ही सांगा. मी काय दाबलं?"

आरवाड्यांनी छताकडे पाहिलं.

"मेलं तुमचं लाजणं. काय दाबलं?"

"चार, बाई."

"आणि आलो कुठं?"

"सहाव्यावर."

बाईंनी बाहेर पाऊल टाकलं नाही. लिफ्टचं दार मिटायला निघालं, अडखळलं, उघडंच राहिलं. गृहचालक वाट बघत होता. बाईंनी लिफ्टच्या छताकडे, जिथून तो बोलत असावा असं त्यांना वाटलं तिथं, पाहिलं.

"किती दिवस चाललंय हे?"

इमारतीचा आवाज बहुतेकांनी आगीच्या तालमीतच ऐकला होता. तो आता अगदी खालच्या पट्टीत आला. "गेल्याच्या गेल्या दिवाळीपासून, बाई. आधी अधूनमधून. हल्ली बहुतेक रोज."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं नाहीत. आणि रहिवाशाला अवघडल्यासारखं होऊ नये, ही मला पहिली सूचना आहे."

"माझ्या कंट्रोलरनं अशी परस्पर गाडी वळवली असती तर मी त्याला मेमो दिला असता."

"हो, बाई."

"प्रवासी योग्य गावी पोचले असते तरीसुद्धा."

"हो, बाई."

बाई घरात गेल्या. थेट स्वयंपाकघरात जाऊन रिकामं पातेलं हातात घेतलं, त्याचा करपलेला तळ बोटानं चाचपला आणि ते ओट्यावर उपडं ठेवलं. आरवाड्यांना वाटलं, आता त्या रडतील. आणि आपण काय करायचं हे त्यांना सुचेना. पण बाईंनी तीन कप चहा टाकला. साखर घातली. थोड्या वेळानं पुन्हा साखरेच्या डब्याकडे हात गेला, तो मधेच थांबला.

"घातलीय," ऋजुता म्हणाली.

"बघ. असं सांगायचं असतं," बाई छताला म्हणाल्या. मग खुर्चीत बसल्या. "आता तुझा तो राखीव कप्पा. त्यात काय राहतं?"

"तुमच्याबद्दल तो जे शिकला तेवढंच. तुमची संमती लागेल. आणि पेटी सोसायटीची, म्हणून सभेचा ठराव."

"म्हणजे सगळ्यांना कळणार."

"हो."

"आणि उद्या माझं वाढलं तर?"

"वाढेल तसं त्यालाही जमेनासं होईल. तो लिफ्ट वळवू शकतो, बाई. रस्त्यावर तुमच्यामागं येऊ शकत नाही."

बाईंनी बशीत चहा ओतला आणि थंड होऊ दिला. "आरवाडे, सभा बोलवा."

"चौदा दिवसांची नोटीस लागते, बाई. आणि गणपूर्ती—"

"सनदी, पेटी बंद कर. मग खाली बघा जाऊन."

समतोलच्या इतिहासात त्या दिवशी पहिल्यांदा गणपूर्ती झाली. ऋजुतानं पेटी पुन्हा बंद केली होती. लिफ्ट बंद, पंप बंद, कुलुपं बंद. बाजारातून परतलेले लोक पिशव्या घेऊन पार्किंगमध्ये अडकले होते आणि घरात असलेले पाणी का नाही हे विचारायला खाली आले होते. बाई दुचाक्यांच्या रांगेसमोर उभ्या राहिल्या.

"मागच्या सभेत मी ठराव मांडला की या यंत्राचं सगळं पुसावं," त्या म्हणाल्या. "त्यात दुरुस्ती आहे. मला हल्ली माझा मजला आठवत नाही. गॅस आठवत नाही. हे मला आज सकाळी कळलं, म्हणजे तुमच्यापेक्षा तासभर आधी. हे यंत्र मला दोन वर्षं मुकाट्यानं घरी पोचवतंय. तुमचं सगळं पुसा. माझं ठेवा. कोणाला काही विचारायचंय?"

कुणालाच काही विचारायचं नव्हतं. कोणाच्या तरी पिशवीतून एक बटाटा घरंगळत गेला आणि तो उचलायलाही कुणी वाकलं नाही.

"अध्यक्षपद..." डॉक्टर मगदूम अखेर अवघडत म्हणाले.

"सोडणार नाही. इतिवृत्त लिहिलेलं असतं, अध्यक्षाला आठवावं लागत नाही. आणि मुलाला मी स्वतः सांगणार आहे. तुमच्यापैकी कुणी फोन केलात तर मला कळेल, कारण तो लगेच मला ओरडेल. पुढचं. माझी एक अट आहे. यापुढं परस्पर न्यायचं नाही. मी चार दाबला तर म्हणायचं, बाई, चार दाबलाय. मी म्हणेन, वळव. मग वळवायचं. आणि ज्या दिवशी सांगूनही मला कळणार नाही, त्या दिवशी आधी मला सांगायचं आणि मग मुलाला. होतं का असं, सनदी?"

"होतं," ऋजुता म्हणाली. "सूचना बदलता येते."

"अनुमोदन," नसीमभाभी म्हणाल्या. हात वर झाले. एकमतानं. पण हात खाली येताना नसीमभाभींनीच विचारलं, "मग आमच्यासाठी तो काय काय करतोय?"

 हा प्रश्न तोवर कुणाला पडला नव्हता. तो आपल्याबद्दल काय जाणतो याची काळजी प्रत्येकानं केली होती; जाणून घेऊन तो काय करतो, हे कुणी विचारलं नव्हतं.

"मला माहीत नाही," ऋजुता म्हणाली. "तो ज्याचं त्यालाच सांगतो. पुसायच्या आधी विचारायचं असेल तर पेटी परत जागी करते. एकेकानं आत यायचं. मी बाहेर थांबते."

मीटर रूमबाहेर रांग लागली. दूधवाल्याकडेही समतोलवाले इतक्या शिस्तीत उभे राहिले नव्हते. डॉक्टर मगदूम आत गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा म्हणाले, "माझाही कप्पा ठेवा," आणि गच्चीऐवजी घरी गेले. नसीमभाभी हसत बाहेर आल्या आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसल्यावर त्यांचं हसू थांबलं. पाचव्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी बाहेर येऊन, "पुसा. आत्ताच्या आत्ता पुसा," एवढंच सांगितलं. काही जण रांगेत दाराजवळ पोचले आणि भाजी खराब होईल म्हणून परत गेले.

आरवाड्यांच्या पत्नी पद्मजा आत जाऊन आल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. तीस वर्षांत पाहिलं नव्हतं तसं, जरा सांभाळून.

"काय म्हणाला?" आरवाड्यांनी विचारलं.

"माझं मला सांगितलं."

"म्हणजे माझ्याबद्दल काही—"

"तुमचं तुम्हाला सांगेल. जाऊन या तुम्ही."

"मला काय विचारायचंय? मला सगळं आठवतं. झोप चांगली लागते. रक्तदाब उत्तम." ते हे जरा मोठ्यानं म्हणाले. पद्मजाताईंनी त्यांच्या शर्टाची बाही उगीचच सरळ केली.

दुपारपर्यंत वाटणी पूर्ण झाली. ऋजुतानं राखीव कप्पे तपासले. बाईंचा पहिला, नंतर ज्यांनी मागितले त्यांचे. प्रत्येकाचा ठसा जुळला. बाकी राहिलं ते पुसायचं होतं. तिनं पेनड्राइव्ह खोचला, वेळेवर बटण दाबलं, या वेळी दुसरी ओळ निवडली आणि खुर्चीतून उठून उभी राहिली. स्क्रीनवर आलं: 'निवडलेला भाग कायमचा पुसला जाईल. हे पुन्हा मिळवता येणार नाही. पुढे जायचं?'

चिवटेबाई खुर्चीत बसल्या. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली, पदर खोचला, बोट बटणावर ठेवलं आणि तसंच ठेवलं. दारात आरवाडे उभे होते, एक पाय आत आणि एक बाहेर.

"अजून परत फिरता येतं," ऋजुता हलकेच म्हणाली. "पेनड्राइव्ह काढला की जुना उठेल. एकदा बाईंनी दाबलं की नाही."

"आरवाडे," बाई स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाल्या, "तुमचं विचारायचं राहिलंय. विचारताय, की दाबू?"